‘पाच हजार तास झाले की ट्रॅक्टर संपला’ हा निरोप पुढे पाठवण्याआधी

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुन्या ट्रॅक्टरबद्दलचा एक निरोप फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो. ट्रॅक्टरचं आयुष्य ५००० तासांचं, त्यापुढचा फुकट मिळाला तरी घेऊ नका. तासांचं मीटर ३००० च्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. तासाला ५ लिटरच्या वर डिझेल जात असेल तर इंजिन बसलं समजा. १० वर्षं झालेले ट्रॅक्टर सरकार भंगारात काढणार आहे. आणि शेवटी, आताच्या ट्रॅक्टरांत पूर्वीसारखं लोखंड राहिलेलं नाही, जुनं ते सोनं.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. कोणीतरी कुठेतरी फसलेला असतो आणि दुसरा फसू नये म्हणून तो लिहितो. पण या निरोपाचे दोन परिणाम आमच्या भागात दर हंगामाला दिसतात. एकाच घरात वापरलेला, वेळच्या वेळी ऑइल बदललेला, पण मीटरवर ६-७ हजार तास असलेला ट्रॅक्टर गिऱ्हाइकाविना उभा राहतो. आणि मीटरवर दोन हजारांचा आकडा दाखवणारा, आतून झिजलेला ट्रॅक्टर चढ्या भावाने विकला जातो. घेणारा बहुतेक वेळा पारोळा, साक्री, शिंदखेड्याकडचा कोरडवाहू शेतकरी असतो. घरातलं सोनं गहाण ठेवून त्याने पैसे उभे केलेले असतात आणि त्याचा पहिला खरीप गॅरेजच्या दारात जातो. म्हणून निरोपातला एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

‘५००० तास म्हणजे आयुष्य संपलं’

यंत्राच्या आयुष्याचा हिशोब कृषी अभियांत्रिकीत फार पूर्वीपासून मांडलेला आहे. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचं आयुष्य १२,००० तास आणि फोर-व्हील ड्राइव्हचं १६,००० तास धरलेलं आहे. आपल्याकडे कृषी महाविद्यालयांत ट्रॅक्टरच्या तासाचा खर्च काढायला शिकवतात, तेव्हा वर्षाला १००० तास आणि १० वर्षं, म्हणजे १०,००० तास धरतात. ५००० हा आकडा दोन्हीकडे नाही. शिवाय हे आकडेही खर्चाच्या मांडणीसाठी आहेत. त्या तासाला ट्रॅक्टर बंद पडतो असा त्यांचा अर्थ कोणी अभियंता घेत नाही.

त्याच अमेरिकन मानकात दुरुस्तीच्या खर्चाचं एक सूत्र आहे आणि ते शेतकऱ्याने वहीत उतरवून ठेवावं इतकं सोपं आहे. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर जितके हजार तास चालला, त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि त्याला ०.७ ने गुणायचं. येईल तितके टक्के, नव्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या, तोवर दुरुस्ती-देखभालीला लागलेले असतात. ५ हजार तासांना ५ गुणिले ५ म्हणजे २५, गुणिले ०.७, म्हणजे साडेसतरा टक्के. १० हजार तासांना ७० टक्के. १२ हजारांवर शंभरी गाठते, आणि मानकात ‘आयुष्य’ही तिथेच संपलं असं धरलेलं आहे.

आता ७ लाखांचा ट्रॅक्टर धरा. पहिल्या ५००० तासांत १,२२,५०० रुपये जातील. १०,००० तासांपर्यंत एकूण ४,९०,०००. म्हणजे निरोपाने ज्याला भंगार ठरवलं, त्या दुसऱ्या पाच हजार तासांचा दुरुस्तीचा खर्च ३,६७,५०० रुपये, तासाला साधारण ७४ रुपये. आता दुसरी बाजू बघा. नवा ट्रॅक्टर पूर्ण कर्जावर घेतला आणि व्याज १० टक्के धरलं, तर पहिल्या वर्षाचं व्याज ७०,००० रुपये होतं. घरची शेती आणि शेजाऱ्याची थोडी कामं मिळून वर्षाला ४०० तास चालला, तर नुसत्या व्याजापोटी तासाला १७५ रुपये. हप्त्यातली मुद्दल आणि ट्रॅक्टरची उतरत जाणारी किंमत यात धरलेलीच नाही. हे सूत्र तिकडच्या शेतांवरून काढलेलं आहे. आपल्याकडे मेकॅनिकची मजुरी कमी आणि धूळ जास्त, त्यामुळे रुपये जसेच्या तसे लागू करायचे नाहीत. पण खर्च हळूहळू चढत जातो, ५००० वर कुठलीही भिंत नाही, ही गोष्ट इथेही खरी आहे.

मग हा आकडा आला कुठून? धुळीत आणि हलगर्जीपणात राबलेल्या ट्रॅक्टरचं पहिलं मोठं इंजिनकाम साधारण त्या सुमाराला निघतं, आणि इंजिनकाम निघालं की गावात ट्रॅक्टर ‘बसला’ असं म्हणतात. पण ट्रॅक्टरचं इंजिन उघडून पुन्हा बांधता येईल असंच बनवलेलं असतं. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह हे झिजणारे भाग आहेत आणि ते बदलायचेच असतात. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या मॉडेलांचे सगळे भाग जळगाव, धुळ्यात मिळतात, आणि इंजिन बांधणारे चांगले कारागीर तर तालुक्याच्या गावीही आहेत. काम नीट झालं, क्रँक मापून घेतला, डिझेलचा पंप आणि नोझल तपासले, तर इंजिन पुन्हा काही हजार तास चालतं. हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल यांचं आयुष्य इंजिनाच्या पहिल्या झिजेशी बांधलेलं नाही.

मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथे चाचण्या झाल्यावर इंजिन उघडतात, लायनर, पिस्टन आणि रिंगांच्या फटी मापतात आणि त्या झीजमर्यादेच्या किती आत आहेत हे अहवालात छापतात. झीज अशी मापायची असते, मिलिमीटरमध्ये.

‘मीटर ३००० च्या आत असेल तर डोळे झाकून घ्या’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

जुन्या ट्रॅक्टरांवरचं तासांचं मीटर घड्याळ नव्हे. ते इंजिनावरून केबलने फिरतं आणि इंजिनाचे फेरे मोजतं. ठरावीक आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) इंजिन चाललं तरच त्याचा एक तास घड्याळाच्या एका तासाइतका भरतो. समजा ते १५०० आरपीएमला जुळवलेलं आहे. मग ७५० वर ट्रॅक्टर तासभर नुसता धडधडत राहिला तर मीटरवर अर्धाच तास चढतो, आणि २००० वर तासभर रोटाव्हेटर चालवला तर एक तास वीस मिनिटं चढतात. नव्या डिजिटल मीटरचं तसं नाही. ते वेळ मोजतात, त्यामुळे बांधावर चालू ठेवून डबा खाल्लेला वेळही त्यात जमा होतो. दोन वेगळ्या पिढ्यांच्या ट्रॅक्टरांचे आकडे शेजारी ठेवून ‘हा कमी चालला, तो जास्त चालला’ असं म्हणणं मुळातच चुकतं.

त्यात ती केबल तुटते. तुटली की ट्रॅक्टर चालत राहतो, मीटर थांबतं, आणि पेरणीच्या घाईत कोणी ती बदलायला जात नाही. कित्येक ट्रॅक्टरांवर तीन-चार वर्षांपूर्वीचा आकडा तसाच गोठलेला असतो. मालकाने लबाडी केलेली नसते, त्याला आकड्याची गरजच पडलेली नसते. लबाडी करायची असेल तर तीही सोपी. मीटर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि बदललेल्या मीटरची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

म्हणून मीटरवरचा आकडा वाचायचा असेल तर वयाशी ताडून वाचा. आरसी बुकावर ट्रॅक्टर कोणत्या साली तयार झाला ते असतं. नवा घेतल्यापासून तो भाड्याने गावभर फिरला असेल, तर वर्षाला आठशे-हजार तास सहज होतात. घरच्या दहा-पंधरा एकरांवरच राहिला असेल, तर तीन-चारशे. बारा वर्षांचा, गावातल्या निम्म्या शेतांची उन्हाळी नांगरटी केलेला ट्रॅक्टर १९०० तास दाखवत असेल तर तो आकडा विसरून जा. मग पायाखालचं पेडल बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलवरच्या खाचा गुळगुळीत झाल्या आहेत का? पीटीओच्या (अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या) शाफ्टचे दाते धारदार झाले आहेत का? अवजार जोडायच्या खालच्या लिंकांची आणि ड्रॉबारची भोकं गोल आहेत की लांबट झाली आहेत? मागच्या टायरवर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं. मूळचे टायर झिजून दुसरी जोडी चढली असेल आणि मीटर २००० म्हणत असेल, तर मालकाला विचारायला हवं की टायर कशाने झिजले.

आणि आकडा खरा असला तरी तास कशात गेले हे तो सांगत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागेतून घड काढून डांबरी रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, चाळीसगाव-भडगावकडे काळ्या कोरड्या रानात मे महिन्यात पलटी नांगर ओढणारा ट्रॅक्टर, आणि खळ्यावर मक्याचं मळणीयंत्र फिरवणारा ट्रॅक्टर, या तिघांचे २५०० तास सारखे नसतात. पहिल्याचे ब्रेक, क्लचप्लेट आणि टायर गेलेले असतात, इंजिन बहुधा ठीक असतं. दुसऱ्याने इंजिनाची पूर्ण ताकद लावून धूळ खाल्लेली असते. तिसऱ्याची चाकं जागची हलली नाहीत, पण मळणीचा भुसा त्याच्या रेडिएटरच्या जाळीत आणि एअर क्लीनरमध्ये गेलेला असतो. रेतीच्या खेपा मारलेला असेल तर चौथाच प्रकार. त्याची ट्रॉली कायम जास्त भरलेली, नदीतून वर येताना क्लच घसरलेला, पुढच्या एक्सलच्या किंगपिना आणि बुश ढिले. त्याचे हजार तास इतर ट्रॅक्टरांच्या चार हजारांना भारी पडतात.

फार कमी चाललेला ट्रॅक्टरही बिनधास्त घेण्यासारखा नसतो. वाटण्या झाल्या, मुलं पुण्या-सुरतेला गेली, ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला, अशी घरं आता प्रत्येक गावात आहेत. उभ्या ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीत पाणी साचतं, ते पंपापर्यंत जातं. लायनरला गंज धरतो. ऑइलसील वाळतात आणि पहिल्या पावसाळ्यातच गळायला लागतात. वायरिंग उंदीर खातात. टायर उन्हाने चिरतात. असा ट्रॅक्टर घ्यायला हरकत नाही, पण त्याचे कमी तास म्हणून जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

मीटरपेक्षा उपयोगी एक प्रश्न आहे आणि तो खान्देशात विचारायला सोपा आहे. इथे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आखाजी ते आखाजी ठरतो. तेव्हा ट्रॅक्टरवर इतक्या वर्षांत किती ड्रायव्हर बदलले ते विचारा. मालक स्वतः किंवा एकच माणूस बसला असेल, तर त्या यंत्राचा आवाज बदलला की कोणाच्या तरी कानाला कळलेलं असतं. दर आखाजीला नवा हात बसला असेल, तर पहिल्या माणसाला माहीत असलेली गळती दुसऱ्याला कोणी सांगितलेली नसते. शेजाऱ्यांनाही विचारा. ‘कितला चालेल शे, भो?’ (किती चाललेला आहे, भाऊ?) एवढ्या एका प्रश्नावर पारावर बसलेली मंडळी मीटरपेक्षा खरा आकडा सांगतात.

मग ट्रॅक्टर मरतो कशाने?

हा मुद्दा निरोपात नाहीच, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिलं कारण धूळ. आपल्या काळ्या रानाचा फुफाटा मे महिन्यात रोटाव्हेटरमागे डोक्याच्या वर उठतो. त्यातले सिलिकाचे कण इतके कठीण असतात की हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेले की लायनर आणि रिंगा घासून काढतात. ऑइलमध्ये उतरले की क्रँकची बेअरिंगं घासतात. एअर क्लीनर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरी नळीला बोटाच्या पेराएवढी चीर असेल, तर एका उन्हाळ्यात इंजिनाची जितकी झीज होते, तितकी एरवी कित्येक वर्षांत होत नाही. जुना ट्रॅक्टर बघायला गेलात तर बॉनेट उघडून आधी ही नळी वाकवून, चाचपून बघा. तिचा क्लॅम्प काढून आत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर पुढचं काही बघायची गरज नाही, किंवा मग इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

ऑइल बाथ (हवा ऑइलमधून गाळणारा) एअर क्लीनर असेल तर त्यातलं ऑइल खुणेपर्यंत हवं आणि धुळीच्या दिवसांत रोज बघायला हवं. खाली गाळ साचला की ते काम करत नाही. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं, तेही वाईट. ड्राय (कागदी) फिल्टर असेल तर तो टायरवर आपटून झाडायची सवय सगळीकडे आहे. त्याने फिल्टरचं तोंड वाकतं, कागद फाटतो आणि धूळ बाजूने सरळ आत जाते. तो आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने साफ करायचा असतो, आणि ठरल्या वेळी फेकून नवा घालायचा असतो. काही शेकड्यांचा फिल्टर वाचवताना इंजिन जातं. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे आणि ते करणारा माणूस काटकसर करतो आहे अशाच समजुतीत असतो.

दुसरं कारण उष्णता आणि पाणी. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. त्या हवेत रेडिएटरची जाळी भुशाने आणि पऱ्हाटीच्या कचऱ्याने बंद झाली असेल, फॅन बेल्ट ढिला असेल, तर इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅस्केट जातं. रेडिएटरमध्ये विहिरीचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की आत क्षाराचा थर बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. ओल्या लायनरच्या (ज्याच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा) इंजिनात कूलंट न घालता नुसतं पाणी वापरलं तर लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडत जातात आणि शेवटी पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर तेच झालेलं असतं.

तिसरं कारण ऑइल. नव्या ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल बहुतेक मॉडेलांत ५० तासांच्या आसपास आणि पुढे साधारण २५० तासांनी बदलायला सांगतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मीटर बंद असेल तर २५० तास झाले हे कळणार कसं? म्हणून चालू मीटर विकताना भाव मिळावा यासाठी लागत नाही, ऑइल वेळेवर बदलण्यासाठी लागतं. ज्याच्याकडे ऑइल बदलल्याच्या तारखा वहीत लिहिलेल्या असतात, त्याचा ७००० तासांचा ट्रॅक्टर मी वही नसलेल्या ३००० तासांच्या ट्रॅक्टरआधी बघायला जाईन.

‘तासाला ५ लिटरच्या वर म्हणजे इंजिन बसलं’

डिझेल तासांवर जात नाही, कामावर जातं. चांगल्या डिझेल इंजिनाला एक किलोवॅट ताकद तासभर द्यायला साधारण २५० ग्रॅम डिझेल लागतं. ४५ एचपी म्हणजे सुमारे ३३ किलोवॅट. पूर्ण ताकदीने चालवला तर सव्वाआठ किलो, आणि डिझेलचं एक लिटर साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणून जवळजवळ १० लिटर. हा कोऱ्या करकरीत, कारखान्यातून आलेल्या ट्रॅक्टरचा हिशोब आहे. निरोपाप्रमाणे तो शोरूममध्येच बसलेला ठरेल.

प्रत्यक्षात शेतात पूर्ण ताकद सतत लागत नाही. रिकामी ट्रॉली ओढताना तीन-साडेतीन लिटर, कल्टिव्हेटरला चार-पाच, ओल्या भारी रानात रोटाव्हेटर खोल लावला तर सहा-सातही जातात. त्यामुळे ‘तासाला किती पितो’ याऐवजी ‘एकराला किती पितो’ हे विचारा आणि त्याच रानात, त्याच अवजारावर, दुसऱ्या ट्रॅक्टरशी ताडून बघा. सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरा, एक एकर करा, त्याच जागेवर येऊन पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं मावलं तेवढं गेलं.

एकराला डिझेल खरंच जास्त गेलं, तरी इंजिन उघडायची घाई नको. नोझल खराब, पंपाचं कॅलिब्रेशन बिघडलेलं, फिल्टर तुंबलेला, क्लच घसरतोय, टायरचे दाते संपल्याने चाक जागच्या जागी फिरतंय, किंवा रोटाव्हेटरची पाती झिजली आहेत, यातलं काहीही असू शकतं. धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि बहुतेक वेळा ते पंप-नोझल-फिल्टरवर भागतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हचं काम आहे. पांढरा धूर थंड इंजिनाला सुरुवातीला येतो आणि जातो. इंजिन तापल्यावरही राहिला तर नोझल, कमी कॉम्प्रेशन किंवा आत उतरलेलं पाणी यांचा संशय घ्यावा.

‘१० वर्षांचे ट्रॅक्टर भंगारात’

हे सरळ खोटं आहे. शेतीचा ट्रॅक्टर मोटार वाहन नियमांत बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची नोंदणी आधी १५ वर्षांसाठी होते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. ही अफवा पसरल्यावर २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जाहीर खुलासा केला की १० वर्षांनी ट्रॅक्टर सक्तीने भंगारात काढण्याची बातमी निराधार आहे. १५ वर्षांची सक्ती आहे ती सरकारी मालकीच्या वाहनांना, १ एप्रिल २०२३ पासून. दिल्ली परिसरातले १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध तिथल्या प्रदूषणामुळे न्यायालयीन आदेशांतून आले होते. एमएच १८, १९ आणि ३९ च्या (धुळे, जळगाव, नंदुरबारच्या) ट्रॅक्टरांना त्यांची भीती दाखवण्यात अर्थ नाही. नूतनीकरणासाठी आरटीओत फॉर्म २५ भरावा लागतो, ट्रॅक्टर दाखवावा लागतो, आणि तो रस्त्यावर चालवण्याजोगा हवा. एवढंच.

या अफवेचा फायदा कोणाला होतो तेही बघा. घाबरून नऊ वर्षांचा ट्रॅक्टर पडत्या भावाने विकणारा शेतकरी एकीकडे, आणि तोच ट्रॅक्टर रंग मारून दुसऱ्या तालुक्यात विकणारा दलाल दुसरीकडे.

‘आताच्या ट्रॅक्टरांत लोखंड नाही’

एकाच निरोपात दहा वर्षं झालेले भंगारात जाणार आणि जुनं ते सोनं, ही दोन्ही वाक्यं आहेत हे पुढे पाठवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. खरा बदल वेगळा आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे नवे, कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्या वर्गात कॉमन रेल इंजिन (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारं) आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. अशा इंजिनाला स्वच्छ डिझेल आणि संगणक लावून दोष बघणारा मेकॅनिक लागतो. भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल त्याचे नोझल सहन करत नाहीत. पण आपल्या भागात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर ५० एचपीच्या आतले आहेत आणि त्यांच्यावर अजूनही जुन्या पद्धतीचे पंप आहेत, जे आपल्याकडच्या पंपवाल्यांना डोळे मिटून उघडता येतात. जुन्या पिढीचे ट्रॅक्टर टिकलेले दिसतात, कारण जे टिकले तेच आज दिसतात. त्यांच्याबरोबर विकले गेलेले बाकीचे कधीच वितळवले गेले.

आता जो खरंच घ्यायला निघाला आहे त्याच्यासाठी. मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर थांबा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी या, कारण थंड इंजिन सुरू होण्याचा त्रास लपवायला आधी तापवून ठेवतात. सुरू झाल्यावर ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून येणारी वाफ बघा. भसाभसा धूर येत असेल तर रिंगा सोडून गेल्या आहेत. इंजिन तापू द्या आणि कमी आरपीएमला ऑइलचा दाब दाखवणारा काटा पडत नाही ना ते बघा. अवजार उचलून धरा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. झरझर खाली बसलं तर हायड्रॉलिकचं काम आहे. पुढचा एक्सल जॅकवर घेऊन चाक हलवा, ढिलं आहे का बघा. सगळे गिअर टाका, आणि रस्त्यावर चक्कर मारून समाधान मानू नका. रानात अवजार लावून निदान अर्धा एकर करायला सांगा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. मालकाकडून चहापाणी घेणारा मेकॅनिक नको.

पैसे पूर्ण देण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही त्याच बैठकीत घ्या, नाव लगेच चढवा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद वेगळे मागा.